निसटणारी वाटी

गुडघ्याच्या पुढील भागीं जें चपटें, वाटोळें हाड हाताला लागतें, त्यास मराठींत वाटी असें नांव आहे. मांडीच्या पुढील बलिष्ठ स्नायूंची कंडरा वरून ह्या वाटीस येऊन मिळते. वाटीच्या खालून निघणारी दुसरी कंडरा नडगीच्या हाडावरील उंचवट्यास घट्ट जोडलेली असते. गुडघा वाकतांना व उघडतांना वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरील खोबणींतून सरकते. विहिरीवरील कप्पीच्या खांचेंतून दोर सरकतो, तसाच हा प्रकार आहे. खांच उथळ असली, दोर तिरपा ओढला गेला किंवा खांचेची कड तुटली, म्हणजे दोर कप्पीवरून उतरतो. वाटीचेंही तसेंच होतें.

वाटी निसटते ती बहुधा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, आणि हा प्रकार विशेषेंकरून दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत आढळतो. पाऊल जमिनीवर रोवलेलें असतां शरीरास एकाएकीं पीळ बसतो. खो-खोंत दिशा बदलतांना किंवा नृत्यांत गिरकी घेतांना हें घडतें. पुष्कळदां पाय सरळ करतांच वाटी आपोआप जागेवर येते. त्यामुळें घरच्या मंडळींस दिसते ती केवळ सूज. गुडघा लचकला असें समजून आंबेहळदीचा लेप लावला जातो आणि प्रकरण तेथेंच मिटतें. मुलीच्या मनांतून मात्र तें मिटत नाहीं. जिना उतरतांना ती कठड्यास धरते, खेळ सोडते, आणि लोक तिला भित्री ठरवितात. वस्तुतः तिची भीति यथार्थ असते. वाटी निसटतांना तिच्या पाठीमागील गुळगुळीत कूर्चा हाडाच्या कडेवर आपटते, कधीं तिचा तुकडाही उडतो; आणि झिजलेली कूर्चा पुनः पूर्ववत् भरून येत नाहीं.

म्हणून प्रत्येक वेळीं शस्त्रक्रियाच करावी काय? नाहीं. अमेरिकेंतील डॉ. डोनाल्ड फिथियन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत रुग्णांवर दोन ते पांच वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें होतें. ज्यांची वाटी प्रथमच निसटली होती, त्यांच्यापैकीं शेंकडा १७ जणांस तो अनुभव पुनः आला. ज्यांना पूर्वींही तो आला होता, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ४९ होतें. पहिल्या खेपेस, सांध्यांत हाडाचा वा कूर्चेचा तुकडा सुटलेला नसेल तर, थोडी विश्रांति आणि मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम हाच सामान्यतः योग्य उपाय होय. वाटी वारंवार निसटूं लागली म्हणजे मात्र शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकूं नये.

ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील सेझार रू ह्यांनीं १८८८ सालीं बाहेरची ताठर बाजू सैल करणें, आंतली बाजू शिवून आंवळणें व खालच्या कंडरेचें मूळ आंतल्या अंगास सरकविणें, असा तिहेरी उपाय वर्णिला. पुढें १९३८ सालीं शिकागोच्या एमिल हौसर ह्यांनीं नडगीवरील उंचवट्याचा हाडासकट तुकडा काढून तो आंत व खालीं बसविण्याची पद्धति प्रचारांत आणली. वाटी निसटणें थांबलें, आणि ही पद्धति बराच काळ लोकप्रिय झाली. परंतु नडगीचें हाड वरच्या भागीं त्रिकोणी आहे. त्यामुळें आंत सरकविलेला तुकडा मागेंही जात असे व वाटी खोबणींत अधिक जोरानें दाबली जाई. वर्षें लोटल्यावर अनेकांच्या सांध्यांत झीज दिसूं लागली. वाटी जागेवर राहिली, पण त्याची किंमत सांध्यास द्यावी लागली.

ह्या अनुभवानें शस्त्रवैद्यांची दृष्टि पालटली. वाटीस आंत कसें ओढावें, ह्यापेक्षां ती बाहेर कां जाते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. फ्रान्समधील लियों येथील आंरी देजूर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तिचीं प्रमुख कारणें मोजमापासह मांडलीं: खोबण उथळ असणें, वाटी फार उंच असणें, आणि नडगीवरील उंचवटा खोबणीच्या मध्यापासून २० मिलिमीटर किंवा अधिक बाहेर असणें. त्याचबरोबर वाटीस आंतल्या बाजूनें मांडीच्या हाडाशीं जोडणाऱ्या एका पातळ बंधाकडेही लक्ष गेलें. वासराच्या दाव्याप्रमाणें हा बंध एरव्ही सैल असतो. वाटी बाहेर जाऊं लागली कीं तो ताणला जाऊन तिला अडवितो. पहिल्याच निसटण्यांत तो बहुधा तुटतो किंवा लांबतो.

आतां रुग्णाच्याच मांडीची एक बारीक कंडरा घेऊन हा बंध नव्यानें बांधतात. तो हाडावर नेमक्या जागीं बसला पाहिजे, आणि फार ताणतांही कामा नये. दावें वासरास अडविण्यासाठीं असतें, फरफटत नेण्यासाठीं नव्हे. तें आंवळलें तर कूर्चा पुनः दडपली जाते आणि जुनीच चूक नव्या रूपानें घडते. उंचवटा फार बाहेर किंवा वाटी फार उंच असेल, तर हाडही सरकवावें लागतें. खोबण अतिशय उथळ असेल, तर निवडक रुग्णांत ती खोल करतात. वाढत्या वयांतील मुलांत मात्र नडगीवरील उंचवटा कापीत नाहींत, कारण तेथील वाढीच्या भागास इजा झाल्यास पाय वांकडा वाढण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे कुबड्या, कित्येक महिने व्यायाम आणि साधारण सहा महिन्यांनीं खेळ, असा क्रम असतो. सांधा आंखडणें, जखम दूषित होणें हे धोकेही आहेत. म्हणून पालकांनीं शस्त्रवैद्यास प्रथम विचारावें तें हें, कीं ह्याच गुडघ्यांतील वाटी कां निसटते? क्ष-किरण व इतर प्रतिमांच्या आधारें त्याचें स्पष्ट उत्तर मिळालें, म्हणजेच कोणती शस्त्रक्रिया करावी, हें ठरवितां येतें. आणि मुलगी पायाची भीति वाटते असें म्हणेल, तेव्हां तिला धीट हो असें सांगण्याऐवजीं तिचा गुडघा तपासून घ्यावा.