पाहुण्याचे मत

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिच्या उभारणीत सोव्हिएत रशियाचे इंजिनिअर आपल्या कामगारांबरोबर राबले होते. परक्याची विद्या आपण तेव्हा आनंदाने घेतली. आज त्याच भिलाईत २०१६ साली स्थापन झालेली आयआयटी आहे. अशा सरकारी विद्यालयांत परदेशातून विद्यार्थी यावेत, अशी आपली इच्छा असते. परंतु त्या विद्यार्थ्याने येथील राजकारणाविषयी काही मत व्यक्त केले, तर?

आपल्या राज्यघटनेच्या १९व्या कलमाने भाषणस्वातंत्र्य दिले आहे ते केवळ नागरिकांना. २१व्या कलमाने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण केले आहे ते मात्र प्रत्येक व्यक्तीचे. परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली मान्य केला. १९४६च्या परकीय नागरिक कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली. परदेशी विद्यार्थ्यांची माहिती विद्यापीठांनी सरकारला कळवावी, असे त्यातही बंधन आहे.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील पोलंडच्या एका विद्यार्थ्याला या प्रश्नाची झळ लागली. डिसेंबर २०१९मध्ये तो नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या एका सभेला गेला, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये देश सोडण्याची नोटीस त्याच्या हाती पडली. कोलकाता उच्च न्यायालयाने मार्चमध्ये ती रद्द केली. राजकीय विचार करणे व तो मांडणे हेही माणसाच्या समृद्ध जीवनाचे अंग आहे आणि म्हणून ते २१व्या कलमाच्या छायेत येते, असा त्या निकालाचा आशय होता.

जो पाहुणा दंगा माजवील, त्याला घराबाहेर काढण्याचा यजमानाला अधिकार आहेच. परंतु मतभेद म्हणजे दंगा नव्हे. आणि आरोप ठेवायचा, तर पाहुण्याचेही म्हणणे ऐकले पाहिजे.

श्रोतेहो, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकायला गेले आणि तेथेच गदर चळवळीच्या संस्थापकांत सामील झाले. त्याच चळवळीचे लाला हरदयाळ यांना अमेरिकन सरकारने १९१४ साली हद्दपारीसाठी अटक केली, तेव्हा तो आपल्याला अन्याय वाटला. आपल्या मुलांसाठी परदेशात जे औदार्य आपण मागितले, ते आपल्या अंगणात आलेल्या दुसऱ्यांच्या मुलांना नाकारणे शोभणार नाही. विद्यापीठाने विचार करायला शिकवावे आणि विचार बोलून दाखवताच दार दाखवावे, हा विद्येचा व्यवहार नव्हे.