सकाळी सहा वाजता तुम्ही काय करत होतात?



ठाणे किंवा पुण्याचं सभागृह सोडून आपण माजी सैनिकांच्या रोजगाराची ही परिषद मोहन्यात भरवलीत, त्याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. आंबिवली आणि शहाड स्टेशनवरून रिक्षांची वाट बघत तुम्ही आलात, त्याबद्दल तुमचेही. अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो आढावा तुमच्या हातातल्या अहवालात छापला आहे, सवडीने वाचा. मला पंचवीस वर्षं एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायला यापुढे मला व्यासपीठ मिळेलच असं नाही. म्हणून आज तीच बोलतो.

माझी तक्रार अशी : आपल्या माजी सैनिकाच्या बायोडेटामध्ये त्याचं काम नसतं.

नाव असतं, हुद्दा असतो, मेडलं असतात. शिस्तप्रिय, प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक असतं. शेवटी 'कोणतंही काम करण्याची तयारी' असतं. हे शेवटचं वाक्य वाचलं की माझ्या पोटात तुटतं. वीस-बावीस वर्षं एका माणसाने एक काम जीव ओतून केलं, त्यात तो तरबेज झाला, आणि बाहेर आल्यावर स्वतःच्याच हाताने लिहितो की मला कुठलंही काम चालेल. समोरचा मग त्याला गेटवर उभा करतो. गेटवरच्या कामाला मी हलकं म्हणत नाही. ज्याने ते निवडलं त्याने मानाने करावं. पण आपल्यातल्या किती जणांनी ते निवडलं आणि किती जणांच्या वाट्याला ते केवळ कागदामुळे आलं, हे छातीवर हात ठेवून सांगा.

या पापात माझा वाटा आहे. मी हवालदार क्लार्क होतो. डिस्चार्ज बुकं भरणं हे माझं काम होतं. जवान घरी निघायचा, मी ते छोटं पुस्तक पुढे ओढायचो आणि वर्तणुकीच्या जागी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात 'एक्झम्प्लरी' लिहायचो. तो शब्द बघून माणसाचे डोळे भरून यायचे. पुस्तक रुमालात गुंडाळून तो ट्रंकेत ठेवायचा. आयुष्यभराची कमाई एका शब्दात आली, असं त्याला वाटायचं, मलाही वाटायचं. बाहेरच्या जगात त्या शब्दावर एक दिवसाची रोजी मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मला ते 1999 साली कळलं. निवृत्त होऊन मी मोहन्याला आलो, कारण थोरले बंधू एनआरसीत, म्हणजे इथल्या रेयॉनच्या कारखान्यात, कामाला होते. माझा बायोडेटा सतरा ठिकाणी गेला. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. अठराव्या ठिकाणी, एका कारखान्याच्या कार्मिक विभागात, एका वयस्क बाईंनी तो शांतपणे पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "हवालदारसाहेब, तुम्ही चांगले गृहस्थ आहात हे समजलं. पण तुम्ही करत काय होतात?" मी म्हणालो, "क्लार्क होतो." त्या म्हणाल्या, "म्हणजे सकाळी येऊन काय करायचात?" मग मी सांगायला लागलो. आठशे माणसांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. कोणाचं लग्न झालं, कोणाला मूल झालं, कोण रजेवर गेला, कोणाची बढती झाली, या प्रत्येकाची पार्ट टू ऑर्डर निघायची. ती चुकली तर त्या जवानाचा पगार चुकायचा, आणि पुढे त्याच्या विधवेचं पेन्शन अडायचं. बाई म्हणाल्या, "अहो, मग हे लिहा ना!" त्यांनी मला पगारपत्रकाच्या टेबलावर घेतलं. तेव्हापासून संध्याकाळी माझ्या घरी जो माजी सैनिक आला त्याला मी पहिला प्रश्न तोच विचारत आलो : सकाळी सहा वाजता तुम्ही काय करत होतात?

2009 साली एनआरसी बंद पडली आणि माझ्या दारात दुसरी रांग लागली. कॉलनीतले कामगार यायला लागले. ती माणसं उद्ध्वस्त झाली होती, देणी अडकली होती, पण त्यांचे अर्ज लिहायला मला दहा मिनिटं पुरायची. "मी स्पिनिंगला, चौदा वर्षं. लाकडाच्या लगद्यापासून धागा निघायचा, तो अ‍ॅसिडच्या बाथमधून ओढायचा. तिन्ही पाळ्या केल्यात. धागा तुटला की कुठे तुटला हे आवाजावरून कळायचं मला." कामगाराला त्याचं काम तोंडपाठ होतं. युनियनने दर मागताना, ओव्हरटाइम मोजताना, त्याने ते शंभर वेळा सांगितलेलं होतं. सैनिकाला त्याचं काम सांगायची वेळच कधी आली नव्हती. सैन्यात काम सांगायचं नसतं, करायचं असतं. ही त्याची थोरवी आहे आणि बाहेर पडल्यावर हीच त्याला भोवते.

एक हवालदार आले होते. स्टोअरकीपर, चोवीस वर्षं. सोबत पत्नी. बायोडेटा एका पानाचा, त्यात कामाची ओळ एकच : 'स्टोअर सांभाळले.' मी खोदून विचारलं तर म्हणाले, "काही विशेष नाही हो. सामान यायचं, लिहायचो, द्यायचो." इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी एकदम म्हणाल्या, "खोटं सांगतात. खिंड बंद व्हायच्या आधीचे चार महिने यांना सुट्टी म्हणून नसायची. फोन आला तरी डाळ आणि रॉकेलच मोजत असायचे." मग हळूहळू निघालं. जोजिला खिंडीपलीकडे बर्फ पडण्याआधी सहा महिन्यांचा शिधा, रॉकेल, औषधं, गरम कपडे भरून ठेवायचे. रस्ता बंद झाल्यावर एक वस्तू कमी पडली तर ती आणायला जागा नाही. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. डब्यांच्या मुदती सांभाळायच्या. कुठला माल गोठतो, कुठला फुगतो, हे लक्षात ठेवायचं. अशा पाच हिवाळ्यांत त्यांच्या स्टोअरमध्ये एकदाही तूट निघाली नव्हती. इथून भिवंडी किती लांब आहे? तिथल्या गोदामांच्या रांगांमध्ये याच कामाला माणसं शोधतात, आणि हे गृहस्थ 'काही विशेष नाही' म्हणत होते!

आम्ही तो बायोडेटा त्या रात्री नव्याने लिहिला. पलटणीचं नाव घातलं नाही, चौकीचं ठिकाण घातलं नाही. ते घालायचं नसतंच, आणि गुप्ततेची भीती बाळगणाऱ्या प्रत्येक जवानाला मी सांगतो की तुझी भीती रास्त आहे. ठिकाण, तैनाती, शस्त्रं यांतलं काही लिहू नकोस. 'अतिउंच बर्फाळ भागात इतक्या माणसांच्या सहा महिन्यांच्या साठ्याची जबाबदारी' एवढं लिहिल्याने देशाचं कुठलंही गुपित फुटत नाही.

सकाळच्या सत्रात आपले सहकारी जोरात भांडले. भांडण चांगलं, पण मी माझं मत दिलं पाहिजे. बायोडेटा मराठीत की इंग्रजीत? मी म्हणतो, आधी मराठीत सांगा, नाहीतर कोकणीत, अहिराणीत, ज्या भाषेत बायकोला सांगता त्या भाषेत; मग ज्याला पाठवायचा त्याच्या भाषेत उतरवा. इंग्रजीत सुरुवात केली की माणूस थेट विशेषणांत शिरतो, कारण इंग्रजीतली तेवढीच त्याच्या ओळखीची असतात. हुद्दा लिहावा का? लिहावा, पण त्याच्यापुढे माणसं मोजावीत. एका सुभेदारांना मुलाखतीत सव्वीस वर्षांच्या मॅनेजरने विचारलं, "सुभेदार म्हणजे काय?" ते अपमान समजून उठून आले. मी त्यांना म्हणालो, साहेब, त्या पोराला खरंच माहीत नव्हतं. 'तीसेक जवानांची प्लाटून, त्यांचं प्रशिक्षण, रजा, आजारपण, शिक्षा, सगळं माझ्याकडे' असं आपण लिहिलं असतं तर त्याने विचारलंच नसतं. पुढच्या अर्जात त्यांनी तसं लिहिलं. गणवेशातला फोटो लावावा का, या वादात मी पडत नाही. लावा किंवा लावू नका, फोटोखाली काम असलं म्हणजे झालं.

पदवीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. दहावी झालेल्या आणि 15 वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला, पदवी लागणाऱ्या केंद्र सरकारच्या गट 'क' पदांसाठी, तांत्रिक पदं सोडून, पात्र धरतात. हा हक्क आहे, तो बजावा. पण खासगी कंपनीच्या अर्जात सरळ 'ग्रॅज्युएट' असं लिहू नका. तिथे हे कोणी पदवी मानत नाही, आणि पडताळणीत पकडलं गेलं तर चोवीस वर्षांचा 'एक्झम्प्लरी' एका खोट्या शब्दाने पुसला जातो. सवलत ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत लिहा.

काही विद्वान मित्र म्हणतात की बायोडेटा ही साहेबांची रीत, आपल्या माणसाला ती जमायची नाही. मला हे पटत नाही. वतनाचा वाद पडला की आपल्याकडची घराणी करीना लिहून देत, कैफियत देत : अमक्या पूर्वजाने अमक्या मोहिमेत अमकं काम केलं. आणि जवळचं बघायचं तर गोपाळबाबा वलंगकर बघा. 1886 साली लष्करातून निवृत्त झाले, 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारपुढे ठेवायच्या अर्जाचा मसुदा केला. त्यात एका अख्ख्या समाजाने केलेली चाकरी मांडली होती. एका पेन्शनर सैनिकाने लिहिलेला तो हजारो सैनिकांचा बायोडेटाच होता. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर साताऱ्याकडे आले, बांधकाम खात्याकडे स्टोअरकीपर झाले, खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता तिथे रोखपाल झाले. अक्षर, हिशेब आणि सचोटी सैन्यातून बरोबर घेऊनच ते बाहेर पडले होते. त्यांच्या मुलाने पुढे काय केलं ते मी सांगायची गरज नाही. पण त्या घराची चूल त्या हिशेबाच्या कामावर पेटत होती, हे आपल्या मुलांना सांगत जा.

येताना कल्याणला दुर्गाडीच्या बाजूने आला असाल तर तिथली टी-80 नौका तुम्ही पाहिली असेल. 1998 साली नौदलात दाखल झाली, उथळ पाण्यात गस्त घालत राहिली, निवृत्त झाली आणि आता किल्ल्याच्या पायथ्याशी आली आहे. मी नातवाला घेऊन गेलो होतो. त्याने विचारलं, "आजोबा, ही काय करायची?" मी सांगितलं : मोठी जहाजं जिथे शिरू शकत नाहीत तिथे ही शिरायची. एका वाक्यात त्याला सगळं कळलं. नौकेबद्दल हे वाक्य आपण तयार ठेवतो. तिच्यावर ड्युटी करणाऱ्या नाविकाला त्याचं वाक्य आपण कधी देणार?

हे आजच का बोलतोय? कारण अग्निवीर. 2022 साली योजना आली, पहिल्या तुकड्यांची चार वर्षं आता पूर्ण होत आली आहेत. चारातला एक राहील, तिघे परत येतील. विशी-पंचविशीतली पोरं, हातात सेवानिधीचे पैसे, पेन्शन नाही. आम्हाला कागद चुकला तरी पेन्शन होतं, दोन वेळची भाकरी सुटली नाही. या पोरांचा कागद चुकला तर मागे काहीच नाही. चार वर्षांत मुलगा रेडिओ सेट चालवायला शिकला असेल, गाडीची देखभाल शिकला असेल, रात्रीच्या ड्युटीवर एकट्याने निर्णय घेतला असेल. त्याच्या बायोडेटावर पुन्हा 'शिस्तप्रिय, कोणतंही काम करण्याची तयारी' आलं, तर दोष त्याचा नसेल. आपण इतकी वर्षं इथे बसून काय शिकवलं, हा प्रश्न तो आपल्याला विचारेल आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

सैन्यातले ट्रेड नागरी कामांशी कसे जुळतात याच्या सरकारी याद्या आहेत. पण यादीत नाव जुळतं, काम दिसत नाही. मला वाटतं आपण मराठीत एक वही करावी : ट्रेडप्रमाणे प्रश्नांची वही. ड्रायव्हरला काय विचारायचं, सिग्नलवाल्याला काय, सॅपरला काय, लंगरच्या कुकला काय. खडकीच्या सॅपर्समधले काही जण इथे बसले आहेत, बेळगावच्या मराठा सेंटरमधून आलेले आहेत, देवळालीचे तोफखान्यातले आहेत. कोण कुठला भाग लिहील, छापायचे पैसे कुठून येतील, हे जेवणानंतर बोलू. अजून माझं काही ठरलेलं नाही. कुकचा भाग मात्र लवकर लिहायला हवा. तीनशे माणसांचा चहा पहाटे चार वाजता तयार ठेवणारा माणूस कल्याणच्या एका हॉटेलात कपबशा विसळताना मी पाहिला आहे. तो माझ्या ओळखीचा होता. त्याच्या डिस्चार्ज बुकातलं अक्षर माझंच होतं.

उद्या सकाळी नऊपासून याच सभागृहाच्या मागच्या खोलीत मी टेबल लावून बसणार आहे. ज्यांचे बायोडेटा झाले आहेत त्यांनी ते आणावेत, झाले नसतील त्यांनी नुसतं डिस्चार्ज बुक आणावं. आणि जमलं तर घरातलं कोणी बरोबर आणा. तुम्ही जे सांगायला विसराल, ते त्यांना आठवेल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.