मैदान कोणाचे?

(अंबड येथे कामगार कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कार्यकर्त्यांच्या बैठकीत चित्रपटाची चर्चा कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. परंतु दादासाहेब फाळके ज्या जिल्ह्यात जन्मले, तेथे तरी पडद्यावर कोणाचे जीवन दिसते आणि कोणाचे वगळले जाते, हा प्रश्न परका वाटू नये.

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट २०२२ साली आला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. भर पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहून बारसे यांनी २००१ पासून त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. चित्रपटात कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये भिंत आहे. पुढे वस्तीचा संघ कॉलेजच्या संघाशी सामना खेळतो.

या चित्रपटाचे मोल कशात आहे? दलित, आदिवासी, मुस्लीम, मुली हे सारे येथे शोभेपुरते येत नाहीत. खेळाडूंच्या भूमिकांत नागपूरच्या वस्त्यांतील, कॅमेऱ्यापुढे कधी न गेलेली मुले आहेत. परदेशी खेळावयास जाण्यासाठी एका आदिवासी मुलीला पारपत्र हवे असते, आणि आपण कोण हे कागदोपत्री सिद्ध करण्यासाठी तिला व तिच्या पित्याला वणवण करावी लागते. आंबेडकर जयंतीचा प्रसंगही हिंदी पडद्यावर क्वचितच असा थाटाने आला असेल.

तथापि एक मर्यादा नोंदविली पाहिजे. वस्तीची कथा सांगावयाची तर प्राध्यापकाच्या भूमिकेत अमिताभ बच्चन लागतात. त्यामुळे उद्धारकर्ता मोठा आणि उद्धरली जाणारी मुले लहान, असा समज प्रेक्षक घरी घेऊन जाण्याचा संभव आहे. हा दोष एकट्या दिग्दर्शकाचा नव्हे. तारांकित नावावाचून ज्या धंद्यात भांडवल हलत नाही, त्या धंद्याचा आहे.

प्रवेशबंदीचा हा प्रश्न नाशिककरांना नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला. ती लढाई केवळ दर्शनासाठी नव्हती. सार्वजनिक म्हणविल्या जाणाऱ्या जागेवर समान हक्क आहे की नाही, याची ती कसोटी होती. मैदानाचा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून आणि उत्तर भारतातून श्रमिक आले. कारखान्यांसाठी भूखंड आखले गेले. परंतु कामगारांच्या मुलांनी खेळावे कोठे, याचा विचार आपल्या मागणीपत्रांत तरी कितीदा होतो? वेतन, बोनस, कायम नोकरी या मागण्या अग्रक्रमाच्याच आहेत. पण कामगाराचे मूल हे केवळ उद्याचा कामगार नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी की, शासकीय अनुदानावर चालणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची मैदाने वर्गाच्या वेळेनंतर परिसरातील मुलामुलींना खुली करावीत, ही मागणी आपण हाती घ्यावी. शिस्त बिघडेल, नासधूस होईल, असे संस्थाचालक म्हणतील. त्यावर वस्तीतील पालकांची देखरेख समिती नेमण्याची तयारी आपण दाखवावी. जनतेच्या पैशावर पोसलेल्या मैदानाला जनतेच्याच मुलांविरुद्ध कुलूप लावण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे मात्र ठामपणे सांगावे. चित्रपट पाहून डोळे पुसले आणि कुलूप तसेच राहिले, तर आपण तो पाहिला असे म्हणता येणार नाही.