तुमची कॉपी कोण वाचणार?



बारावीनंतर ‘मास कम्युनिकेशन’ला जायचं म्हणणारी काही मुलंमुली यंदा गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या नागऱ्यात आहेत, त्यांच्याशी इंटर्नशिपबद्दल बोला, असं तुमच्या सरांनी निमंत्रण देताना सांगितलं. मला फार बरं वाटलं. आपल्या जिल्ह्याबद्दल जे छापून येतं, ते बहुतेक वेळा इथं न राहणाऱ्या माणसांनी लिहिलेलं असतं. तुम्ही त्या कामात उतरणार असाल, तर मला तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

या शिक्षणासाठी लांब जावं लागत नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग १९५२ सालीच सुरू झाला. नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं, केंद्र आहे. प्रवेश मिळेल, वर्ग सुरू होतील आणि मग कुणीतरी विचारेल, इंटर्नशिप कुठं करणार? नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर ती श्रेयांकांत मोजली जाते. एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचं काम. तास भरले, सही-शिक्का झाला, प्रमाणपत्र मिळालं, की कॉलेजच्या दृष्टीनं विषय संपतो.

तुमच्या दृष्टीनं तो तिथं संपू देऊ नका.

मी शिकत असताना एका मोठ्या नावाच्या ठिकाणी इंटर्न म्हणून गेले होते. काचेचं ऑफिस, गळ्यात ओळखपत्र. घरी सगळ्यांना अभिमान. काम काय, तर पाहुण्यांच्या याद्या करायच्या, आलेल्या प्रेस नोट पुढं पाठवायच्या, पोस्टला किती लाइक आले ते तक्त्यात भरायचं. मी लिहिलेली एक ओळही तिथं कुणी वाचली नाही. त्या प्रमाणपत्राचा कागद जाड होता, एवढंच सांगता येईल.

त्यानंतर नागपूरच्या एका दैनिकात गेले. जुनं टेबल, पंख्याचा आवाज, संध्याकाळनंतर धावपळ. तिथं एक ज्येष्ठ उपसंपादक होते. प्रत्येक कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, ते लाल पेन घेऊन वाचायचे आणि समासात एवढंच लिहायचे, ‘कुणी सांगितलं?’ आमच्या पानांवर भंडारा-गोंदियाच्या बातम्या लागायच्या. एकदा एका गावात धान खरेदी केंद्राचं उद्घाटन झाल्याची प्रेस नोट आली. फीत कापतानाचा फोटो सोबत. दहा मिनिटांत लावून टाकायची बातमी. पण दिवाळीनंतर खरेदी केंद्रावर काय चालतं ते मला माहीत होतं. त्या गावच्या दोन शेतकऱ्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, उद्घाटन झालं खरं, पण बारदाना, म्हणजे खरेदीची रिकामी पोती, आलेला नाही, त्यामुळे काटा सुरूच झालेला नाही. धानाची पोती ट्रॅक्टरवर उभी आहेत आणि आभाळ आलं आहे. मी ते लिहिलं. लाल पेनानं विचारलं, ‘केंद्रचालक काय म्हणतो?’ त्यांनाही फोन केला. त्यांनीही बारदान्याची वाट पाहतो आहोत, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मथळा उद्घाटनाचा नव्हता, बारदान्याचा होता.

बायलाइन, म्हणजे बातमीवर माझं नाव, मिळाली नाही. पण बातमी म्हणजे काय, हे मला त्या रात्री समजलं. आणि आणखी एक गोष्ट समजली, जी आज तुम्हाला सांगायला मी आले आहे. बांधी, बोडी, काटा, बारदाना, मोहफूल, तेंदूपत्ता हे तुम्ही लहानपणापासून पाहता, म्हणून तुम्हाला साधं वाटतं. त्या डेस्कवर चांगली शिकलेली, हुशार माणसं होती, पण त्या प्रेस नोटमधला खड्डा माझ्याच डोळ्यांना दिसला. पोवारी, झाडीबोली, हिंदी, तीनही कानावर पडत तुम्ही वाढलात. लोक तुमच्याशी खरं बोलतील. ही शिदोरी घेऊन जा. मुंबई-पुण्याच्या मुलांसमोर उच्चारावरून संकोचू नका.

आपल्या सारसाचंच पाहा. हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त आपल्या भागात उरला आहे, आणि तो घरटं करतो ते तुमच्या-आमच्या धानाच्या बांधीत. घरट्यापायी पिकाचं थोडं नुकसान होतं, शेतकऱ्याचं म्हणणंही ऐकावं लागतं. सारसांची संख्या घटत असल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तिची स्वतःहून दखल घेतली आणि तिचीच जनहित याचिका झाली. एका बातमीत एवढं बळ असतं. ते येतं मोजणीतून, बांधावर उभं राहून विचारलेल्या प्रश्नांतून.

म्हणून इंटर्नशिप निवडताना इमारत पाहू नका, संस्थेचं नावही आधी पाहू नका. आधी विचारा, इथं माझी कॉपी कोण वाचणार? दुरुस्त करून मला परत दाखवणार का? मला फिल्डवर पाठवणार का? पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये ‘पारी’, म्हणजे ग्रामीण भारताचं डिजिटल संग्रहालय, सुरू केलं. तिथं इंटर्न गावागावांत जाऊन लिहितात, त्यावर संपादक बारकाईनं काम करतात आणि मजकूर मराठीतही वाचायला मिळतो. तुम्ही आतापासून वाचायला लागा. इंटर्नशिपची जागा मग कुठलीही असो, जिल्ह्याचं साप्ताहिक असेल, एखादं रेडिओ केंद्र असेल, जिल्हा माहिती कार्यालय असेल. वाचणारं, खोडणारं माणूस तिथं भेटलं, तर ती जागा मोठी समजा.

पैशांबद्दलही बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. नागपुरात खोलीचं भाडं, खानावळ, ऑटो, आणि काम बिनपगारी, हे धानावर चालणाऱ्या घराला झेपत नाही. स्टायपेंड किती, हे पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नका. राज्य सरकारनं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्यांना महिना सहा हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. शिकाऊ माणसाच्या कामालाही मोल आहे, हे सरकारनं मान्य केलं, तर खासगी माध्यमसंस्थांनीही ते मान्य करायला हवं. मुलांच्या फुकट श्रमावर पानं भरणं अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्राचार्यांना एक विनंती. या मुलांची पहिली इंटर्नशिप इथंच सुरू करा. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिरात यात्रा भरते. या वर्षी त्या यात्रेची बातमी या मुलांना लिहू द्या. फक्त ‘भाविकांची अलोट गर्दी’ लिहून चालणार नाही. पिण्याच्या पाण्याची सोय कुणी केली, दुकानदार कुठल्या गावांहून आले, त्यांनी जागेचे किती पैसे दिले, दुसऱ्या दिवशी कचरा कुणी उचलला, हे विचारून लिहायचं. मराठीच्या शिक्षकांनी लाल पेन चालवावा आणि दुरुस्त केलेला मजकूर फलकावर लावावा, नावासकट.

आणि पालकांनो, एक विनंती तुम्हालाही. वर्तमानपत्राचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. म्हणून मुलाला जाऊ देता आणि मुलीला थांबवता, असं करू नका. ऑफिसात चौकशी करा, परतीच्या गाडीची, राहण्याची सोय नीट पाहून घ्या, हवं तर पहिल्या दिवशी सोबत जा. पण तिला जाऊ द्या.