दिव्याची आरती पुरे, वेतनाचे बोला!

(जागतिक परिचारिका-दिनानिमित्त बेळगाव येथे केलेले भाषण)



१२ मे १८२० हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर स्त्रीचा जन्मदिवस. तिच्या हातातील दिवा सर्वांना आठवतो. परंतु क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडून तिने आपल्या सरकारला जाब विचारला, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. म्हणून मी आज आकड्यांविषयीच बोलणार आहे.

खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीने स्वच्छ शब्दांत सांगितले : २००हून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, १००हून अधिक खाटा असल्यास ते १० टक्क्यांहून, आणि ५० ते १०० खाटा असल्यास २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५०हून कमी खाटा असल्या तरी मासिक २०,००० रुपयांखाली जाऊ नये. कामाचे तास, रजा, औषधोपचार, वाहन व निवास यांतही सरकारी सेवेचाच दाखला असावा.

परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. ती अमलात आणणे राज्यांच्या हाती राहिले. केरळातील परिचारिका संघटित झाल्या, रस्त्यावर आल्या; तेव्हा २०१८ साली तेथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. न मागता कोणाला काही मिळाले, असे दिसत नाही. हा अनुभव सीमावासीयांना नवा नाही!

वेतनाइतकाच कामाच्या भाराचा प्रश्न आहे. सामान्य रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. रात्रपाळीत एकाच भगिनीवर सारा कक्ष सोपविला, तर चुकलेल्या औषधाचा दोष कोणाचा? आणि साहाय्यक परिचारिकेची स्थिती तर अधिकच बिकट. कामाच्या वेळी ती पूर्ण परिचारिका असते, पगाराच्या वेळी मात्र 'साहाय्यक' होते!

चंदगड तालुक्यातील रुग्ण उपचारासाठी बेळगावलाच येतो. खानापूरची म्हातारी आपले दुखणे मराठीतच सांगते. सरकारी कागद तिची भाषा ओळखो वा न ओळखो, खाटेपाशी उभी असलेली परिचारिका ओळखते. भाषेच्या न्यायासाठी झगडणाऱ्या आपण या भगिनीच्या न्यायाविषयी मौन पाळावे काय? आपल्यापैकी ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांनाही मी हाच प्रश्न नम्रतेने विचारतो.

लहान रुग्णालयांना हे परवडत नाही, असे म्हटले जाते. समितीने खाटांप्रमाणे पायऱ्या पाडल्या त्या याच अडचणीसाठी. शिवाय २०,००० हा आकडा २०१६चा आहे. महागाई वाढली, तो आकडा तेथेच थांबवून चालणार नाही.

म्हणून मागणी अशी : नेमणुकीचे लेखी पत्र, आठ तासांची पाळी, बँकेतून पूर्ण वेतन, रात्री घरी पोहोचविणारे वाहन, आणि कोणाचीही मूळ प्रमाणपत्रे अडकवून न ठेवण्याची हमी. यांत दयेची याचना नाही. परिचारिकेला देवी म्हणणे सोपे आहे. पण देवीला घरभाडे द्यावे लागत नाही, परिचारिकेला द्यावे लागते.

जय महाराष्ट्र!