सगळेच दुखणे ‘पित्ताचे’ नव्हे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला “आरोग्यावर काहीतरी बोला” असे सांगितले. मी एकाच दुखण्याविषयी बोलणार आहे. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका असताना ते मी पुष्कळ पाहिले, आणि माझ्याच घरात आले तेव्हा मात्र मला ओळखता आले नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सणावाराचे तळकट जेवण झाले की रात्री उजव्या बरगडीखाली दुखू लागे. कळ पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जाई, उलटी होई, आणि तास-दोन तासांनी सारे थांबे. “अगं, माझं नेहमीचं पित्त आहे. सोडा घेतला की बसेल,” असे त्या म्हणत. कळ आपोआप थांबे आणि श्रेय सोड्याला मिळे. मीही “बरं” म्हणून दिवा मालवीत असे.

या ‘पित्त’ शब्दाने आपल्या घरांत फार घोटाळा केला आहे. आंबट ढेकर आली, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. डोके दुखले तरी पित्तच! पण खरे पित्त यकृतात तयार होते आणि यकृताखालच्या एका पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठते. ही पिशवी लहानशा लांबट वांग्याएवढी असते. जेवणात तूप-तेल आले की ती आकसते आणि नळीवाटे पित्त आतड्यात सोडते. या पित्तात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झाले की त्याचे खडे बनतात. पुरुषांपेक्षा आपल्यात हे अधिक आढळते. बाळंतपणे, वाढलेले वजन आणि वाढते वय ही त्याची कारणे. झटपट वजन उतरविणाऱ्यांनाही खडे होतात, हे आमच्या तरुण मुलींनी ऐकून ठेवावे.

खडे असले म्हणजे दुखतेच असे नाही. पुष्कळांना जन्मभर त्रास होत नाही, आणि अशांना सहसा शस्त्रक्रियाही लागत नाही. परंतु एकदा कळा सुरू झाल्या की त्या बहुधा पुन्हा येतात. त्या वेळी उपाशीपोटी सोनोग्राफी केली की खडे दिसतात. तपासणी एवढीच, पण आम्ही ती तीन वर्षे केली नाही. शेजारच्या बाईंनी कुळथाचे कढण सांगितले, तेही झाले. ते लोक मुतखड्यावर घेतात. पित्ताशयातला खडा लघवीवाटे कसा जाणार? तो रस्ताच निराळा!

२०१७ च्या भाऊबीजेला जाऊबाईंना थंडी वाजून ताप भरला. सकाळी डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, आणि शौचाचा रंग मातीसारखा फिका. घरात ठरले की कावीळ उतरवून आणू. चुन्याच्या पाण्याने हात धुवून पिवळे पाणी दाखविणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. दीड दिवस त्यात गेला, आणि मी घरात असून गेला. खडा पित्तनलिकेत अडकला होता. कावीळ, ताप आणि पोटदुखी एकत्र आली की नळीत जंतू शिरल्याची शंका घ्यावयाची आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावयाचे, हे मी वॉर्डात इतरांना सांगत आले होते.

खडा आणखी खाली सरकला. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांच्या आतड्यात एकाच तोंडाने उघडतात. ते तोंड बंद झाले की स्वादुपिंडाचा पाचक रस त्या ग्रंथीलाच पोळू लागतो. मग पोटाच्या मध्यापासून थेट पाठीत आरपार जाणारी कळ येते. पुढे वाकून बसले तर थोडे बरे वाटते, पण सोड्याने काही होत नाही. हा विकार दारूनेही होतो आणि जिवावर बेततो. जाऊबाई नऊ दिवस अतिदक्षता विभागात होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसून त्या दीड दिवसाचा हिशेब करीत होते.

तोंडावाटे दुर्बीण घालून डॉक्टरांनी नळीतला खडा काढला. सूज उतरल्यावर पोटाला चार बारीक छिद्रे पाडून पित्ताशय काढले. ही शस्त्रक्रिया प्रथम १८८२ साली बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून केली. दुर्बिणीची रीत भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी आणली. पूर्वी माझ्या वॉर्डातल्या बाया हातभर टाक्यांनी आठवडाभर कण्हत पडत. हल्ली पुष्कळजणी दुसऱ्या दिवशी घरी जातात.

“पित्ताशय काढल्यावर अन्न पचणार कसं?” असे जाऊबाईंनी विचारले होते. पित्त यकृत करते, पिशवी ते नुसते साठवते. पिशवी गेली तरी पित्त थेट आतड्यात उतरते. काहींना थोडे दिवस शौचाला पातळ होते, एवढेच. आता त्या पुरणपोळी खातात, तूप मात्र बेताने घेतात.

डॉक्टरांनी त्यांचे खडे बाटलीत घालून दिले होते. अकरा आहेत, हरभऱ्याएवढे. बाटली त्या टेबलावर ठेवली आहे. जाऊबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. कळ कशी येत असे, हे ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी त्यांनाच विचारावे. त्या माझ्याहून चांगले सांगतील.