परदेशच्या मापाने आपले गुण



आपल्या कळंबचा मुलगा यवतमाळ-अमरावतीकडे इंजिनिअर होतो आणि विचारतो, "माझी सरासरी दहापैकी आठ. पुढच्या पदवीला जर्मनीत माझा निभाव लागेल काय?" तिथे हे आठ उलटे मोजतात. दहातून आठ गेले, उरले दोन; त्यांना तिनाने गुणायचे. उत्तीर्ण होण्याची रेषा चार असेल तर दहा वजा चार, म्हणजे सहाने भागायचे आणि एक मिळवायचा. उत्तर २. यास बव्हेरियन सूत्र म्हणतात. त्यांच्याकडे १ सर्वोत्तम आणि ४ ही पास होण्याची कड. अनेक ठिकाणी २.५ ची अट असते. पण रेषा पाच धरली की हाच मुलगा २.२ वर येतो! तेव्हा गुणपत्रिकेची मागची बाजू आधी वाचा.

इतक्यानेही भागत नाही. कोणता विषय किती तास शिकलात, हेही ते पाहतात. यंत्रशाखेचा हुशार मुलगा संगणकाच्या वर्गाला अर्ज करतो आणि नापसंत होतो, तो बहुधा इथेच. शेजाऱ्याचा मुलगा गेला, हा काही पुरावा नव्हे.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, हे खरे. परंतु वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो (२०२४ चा आकडा) आधी खात्यात दाखवावे लागतात. वडिलांनी वावर गहाण टाकण्याच्या आधी हा हिशेब घरातल्या सर्वांनी बसून मांडावा.